इथलं इथेच राहतं ना?

वकीलबाईंच्या ऑफिसात शिरल्याबरोबर कडकराव आधी खिडकी लावून घेत. मग दार. मग दाराला कान लावून बाहेरच्या बाकावर कुणी नाही ना, याची खात्री करून घेत. एवढं झालं की खुर्चीच्या अगदी कडेवर बसून हळूच विचारत, "बाई, इथलं इथेच राहतं ना?"

"राहतं," बाई म्हणत. "पण ती खिडकी उघडा आधी. जीव गुदमरतोय."

कडकराव हे अर्थातच टोपणनाव. त्यांची लॉन्ड्री होती आणि त्यांनी इस्त्री केलेली कॉलर इतकी ताठ असे, की गिऱ्हाइकाला नुसती मान वळवता येत नसे, अख्खं वळावं लागे. माणूस मात्र मऊ. कुणी चार शब्द ठामपणे सांगितले की त्यांना लगेच पटत. आणि एकदा पटलेलं डोक्यातून काढणं महाकठीण!

त्यांच्यावर आलेलं संकट तुमच्याआमच्यावरही येऊ शकतं. दुकान बंद करून ते बायकोबरोबर नातेवाइकांकडे मुक्कामाला गेले. परत येऊन शटर वर केलं, तर आतून पाण्याचा लोंढाच पायावर आला. गिऱ्हाइकांचे कपडे, धुलाईची मशीनं, कपाटं, भिंतीतल्या वायरी, सगळ्याचा सत्यानाश झाला होता. विमा होता म्हणून आशा होती. विमा मिळाला तर लॉन्ड्री पुन्हा उभी राहणार होती. नाही मिळाला, तर या वयात दुसऱ्याच्या दुकानात कपडे मोजायला उभं राहायची वेळ येणार होती, आणि त्या विचारानेच त्यांची झोप उडाली होती.

पहिल्या भेटीला ते एकटेच आले होते. बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले आणि मग एकदम बोलून गेले, "बाई, नळ मीच उघडा ठेवला होता. निघायच्या गडबडीत राहूनच गेलं. बायकोला वाटतंय पाइप फुटला. तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

वकीलबाईंचे केस पांढरे झाले होते आणि हातात कायम एखादं संत्रं असे. पक्षकार बोलत असताना त्या ते शांतपणे सोलत बसत. त्यांनी एक फोड कडकरावांपुढे केली.

"चूक झाली. चुका होतात म्हणून तर माणसं विमा काढतात. कंपनीनं विचारलं तर सरळ खरं सांगा. पण तुम्ही मला विश्वासानं सांगितलंत, ते मी आपण होऊन कुणाला सांगणार नाही. कोर्टानं विचारलं तरी नाही. इथलं इथेच राहतं."

कडकरावांच्या छातीवरचा दगड उतरला. पण बाईंचं ते शेवटचं वाक्य त्यांच्या डोक्यात जाऊन जे बसलं, ते बसलंच! त्या दिवसापासून बाईंची खोली म्हणजे जगातली सगळ्यात सुरक्षित जागा झाली. शेजाऱ्याचा कुत्रा आपल्याला आवडत नाही, हेसुद्धा ते तिथे येऊन, खिडकी लावून सांगून गेले.

अशा भोळ्या माणसाला एक मेहुणाही होता. बायकोचा धाकटा भाऊ. कामधंदा बेताचा, पण सल्ला द्यायला सदैव तयार. एका संध्याकाळी पाय पसरून बसत तो म्हणाला, "भाऊजी, यादीत ते मोठं प्रेस मशीन का नाही घातलंत?"

"कारण ते आधीपासूनच बंद होतं. मशीनं दुरुस्त करणाऱ्या आपल्या मिस्त्रीनंच सांगितलं होतं, शेठ, ह्याच्यात आता जीव नाही म्हणून."

"पाण्यात बुडाल्यावर सगळी मशीनं सारखीच दिसतात. मेलेलं कुठलं आणि चालणारं कुठलं, कोण बघायला आलंय? त्याच्यासकट विमा मागा, नवं कोरं मशीन येईल!"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अरे, ते मशीन कधीचं चादरीखाली झाकून पडलंय."

"ताई, तू यात पडू नकोस."

कडकरावांच्या मनात पाल चुकचुकली. पण नवं मशीनही डोळ्यांपुढे दिसू लागलं. त्यांनी विचारलं, "मिस्त्री काय म्हणेल पण? आणि त्याच्याशी असलं बोलायचं तरी कुठे? भिंतीलाही कान असतात."

आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "बाईंच्या ऑफिसात! तिथलं तिथेच राहतं!"

मंडळी, चोरीचा बेत शिजवायला पोलीस चौकीत जाऊन बसावं, तशातली ही गत. पण कडकरावांना ती अक्कलहुशारी वाटली. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला आणि मिस्त्रीला घेऊन ते बाईंच्या खोलीत हजर झाले. खिडकी लावली, दार लावलं आणि घरचं कार्य असल्यासारखे म्हणाले, "मिस्त्री, बोला आता बिनधास्त."

मिस्त्री बिचारा भिडस्त. हातातली टोपी पिळत तो म्हणाला, "मी काय वेगळं बोलणार? शेठनी इतकी वर्षं काम दिलं. प्रेस मशीन त्या दिवशीपर्यंत चालू होतं, एवढंच म्हणायचं ना?"

"एवढंच!" मेहुणा म्हणाला. "आणि बाई, तुम्ही तो जबाब असा लिहून द्या, की कंपनीला कुठे बोट ठेवायला जागा राहू नये."

बाईंनी संत्रं खाली ठेवलं. इतक्या भेटींत त्यांनी ते अर्धवट सोडलेलं कडकरावांनी पाहिलं नव्हतं.

"पुढे एक शब्द बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिघंही."

"का हो? इथलं इथेच—"

"नाही राहणार! हे नाही राहणार."

कडकराव गोंधळले. आधी बाईंकडे, मग बंद खिडकीकडे, मग पुन्हा बाईंकडे बघू लागले. खिडकी नीट लागली नाही की काय?

बाईंना त्यांची दया आली असावी. त्यांनी आवाज खाली आणला. "बसा. मला एक सांगा, गिऱ्हाईक डागाचा शर्ट घेऊन येतं, तेव्हा तुम्ही आधी काय विचारता?"

"डाग कशाचा आहे ते. तेलाचा, शाईचा, रक्ताचा. खरं नाही सांगितलं आणि चुकून गरम इस्त्री फिरली, तर डाग पक्का बसतो. मग कुणाच्या बापाला निघत नाही."

"आणि त्यानं जे सांगितलं, ते तुम्ही चारचौघांत सांगता?"

"छे, छे! गिऱ्हाइकाचं बाहेर काढलं तर धंदा कसा चालेल?"

"बरोबर. आता उद्या एकजण स्वच्छ शर्ट घेऊन आला आणि म्हणाला, यावर मला रक्ताचा खोटा डाग पाडून द्या, शेजाऱ्याला अडकवायचंय. तर?"

"हाकलून देईन!"

"आणि पोलीस विचारायला आले, तो माणूस कशासाठी आला होता, तर?"

"सांगेन की! अशा माणसाचं कशाला झाकायचं?" कडकराव तावातावानं म्हणाले आणि मग त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"तेच सांगतेय मी," बाई म्हणाल्या. "परवा तुम्ही झालेल्या चुकीवर सल्ला मागितलात. ती झाकणं माझं काम. आज तुम्ही फसवणुकीला मदत मागताय. त्यावर पांघरूण घालायला कायदा मला सांगत नाही. त्यात ही दोन माणसं घेऊन आलात. चौघांत झालेल्या बोलण्याला गुपित कोण म्हणेल?"

"पण बाई," कडकरावांच्या डोक्यात काही केल्या शिरेना, "खोली तीच, खुर्ची तीच, तुम्हीही त्याच. मग परवाचं राहतं आणि आजचं का नाही?"

"गुपित खोलीचं नसतं हो. तुम्ही कशासाठी आलात, त्यावर ते ठरतं."

मेहुणा मध्येच म्हणाला, "पण तुम्ही तर मदत केलीच नाहीत. मग बिघडलं काय?"

"मी केली नाही, हे माझं नशीब. तुम्ही मागितलीत, हे तर खरंच ना? कोर्ट तेवढंच बघेल. कडकराव, ते मशीन यादीतून काढून टाका आणि एकटे परत या. तुमचं नुकसान खरं आहे, त्यासाठी मी शेवटपर्यंत भांडेन. मशीन ठेवायचंच असेल, तर दुसरा वकील बघा."

जिना उतरताना कडकरावांच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. मेहुणा मात्र निवांत होता. "घाबरट आहे म्हातारी," तो म्हणाला. "काही नाही होत. वकिलानं पक्षकाराचं सांगायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

घरी आल्यावर त्यांनी सगळं बायकोला सांगितलं. म्हणजे मशीनचं सांगितलं. नळाचं पुन्हा गिळलं.

तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, मशीन चालू होतं की बंद?"

"बंद."

"मग गोंधळ कसला?"

"गोंधळ मशीनचा नाही गं, गुपिताचा आहे! कुठलं राहतं आणि कुठलं राहत नाही, तेच कळेना झालंय."

"मग गुपिताचाच विमा काढायचा होतात," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, इतकं कानीकपाळी ओरडून सांगितल्यावर तरी माणूस शहाणा होईल. पण लोभाला निमित्त लागतं आणि गोंधळलेल्या माणसाला तर ते आयतंच मिळतं. आपल्याला नीट कळत नाही ना, मग ज्याला कळतं असं वाटतं, त्याचं ऐकावं, असं म्हणून कडकरावांनी मेहुण्याचं ऐकलं. दुसरा वकील गाठला, त्याला काहीच सांगितलं नाही. प्रेस मशीन यादीत गेलं. मिस्त्रीनं ते चालू असल्याचा जबाब शपथेवर दिला.

विमा कंपनीची अधिकारी चौकशीला आली, ती मोठी गोड बोलणारी बाई होती. तिनं मिस्त्रीला सहज विचारलं, "जबाब फार व्यवस्थित आहे हो तुमचा. कुठे बसून ठरवलात?"

मिस्त्रीला वाटलं, मोठ्या माणसाचं नाव घेतलं की आपल्या शब्दाला वजन येतं. तो म्हणाला, "आमच्या वकीलबाईंच्या ऑफिसातच बोलणं झालं ना सगळं! शेठ होते, त्यांचे मेहुणे होते, मी होतो."

झालं! कंपनीनं प्रेस मशीनची तपासणी करवली, ते फार आधीपासून बंद असल्याचं निघालं आणि तिनं सगळाच दावा फेटाळून लावला. नुसतं मशीन नव्हे, सगळाच! जाणूनबुजून एक खोटं सांगितलंत की खऱ्याचेही पैसे मिळणार नाहीत, ही अट विम्यात पहिल्यापासून होती. भिजलेले कपडे खरे, जळलेल्या वायरी खऱ्या, पण त्यांच्या पंक्तीला ते मेलेलं मशीन जाऊन बसलं होतं.

प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीनं साक्षीला बोलावलं ते वकीलबाईंनाच.

त्या दिवशी कोर्टात कडकराव तसे निर्धास्त होते. बाकी सगळ्या गोष्टींत गोंधळ असला, तरी बाई बोलू शकत नाहीत, एवढं एक त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. पलीकडच्या बाकावर मिस्त्री बसला होता. शपथेवर खोटं सांगितल्याचा गुन्हा आपल्यावर लागू शकतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बाई साक्षीदाराच्या जागी उभ्या राहिल्या. हातात संत्रं नव्हतं, त्यामुळे त्या वेगळ्याच दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "न्यायाधीश महाराज, हे माझे पक्षकार होते. त्यांची परवानगी नसताना त्यांचं बोलणं मी सांगू शकत नाही. कोर्टानं आधी यावर निर्णय द्यावा."

कंपनीचा वकील उठला. तो म्हणाला, फसवणूक करण्यासाठी वकिलाकडे गेलेल्या माणसाला गुप्ततेचं संरक्षण नसतं. मिस्त्रीच्या तोंडूनच त्या भेटीचा हेतू बाहेर आलेला आहे. कडकरावांच्या नव्या वकिलाला यातलं काही माहीतच नव्हतं. तो कागद चाळत राहिला.

न्यायाधीशांनी दोन्हीकडचं ऐकलं आणि सांगितलं, "त्या भेटीपुरतं संरक्षण उरलेलं नाही. खोटा जबाब तयार करून घेण्यासाठी ती भेट होती, असं मानायला पुरेसा आधार आहे. साक्षीदारांनी उत्तर द्यावं."

कडकरावांच्या पायाखालची जमीन सरकली. राहत नाही! खरंच राहत नाही! बाईंनी सांगितलं होतं तेच कोर्ट सांगत होतं.

बाई म्हणाल्या, "कोर्टाचा हुकूम मी पाळीन. त्या एका भेटीबद्दल विचाराल ते सांगेन. पण त्याआधी हे एकदा एकटे माझ्याकडे आले होते. त्या दिवशीचं एक अक्षरही मी बोलणार नाही. त्यासाठी मला शिक्षा झाली तरी चालेल."

"ते तुम्हाला कुणी विचारतही नाही," न्यायाधीश म्हणाले. "ते गुपित अबाधित आहे."

आणि इतके महिने जे डोक्यात शिरत नव्हतं, ते कडकरावांना एका दमात कळलं! आपण या बाईंना घाबरट म्हणू दिलं, त्यांना सोडून गेलो, त्यांच्या नावाआड खोटं लपवलं. आणि ह्या मात्र भर कोर्टात आपली एक भाबडी चूक उरापाशी धरून उभ्या आहेत! त्यांना शरमेनं मेल्यासारखं झालं. बाईंनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तोच ते ताडकन उठले.

"थांबा! बाईंना बोलायला लावू नका! मी सांगतो! प्रेस मशीन बंद होतं. कितीतरी आधीपासून बंद होतं. मिस्त्रीला मी बोलायला लावलं, त्याची काही चूक नाही. बाईंनी आम्हाला त्याच दिवशी हाकललं होतं. आणि नळही मीच उघडा ठेवला होता!"

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "नळाचं तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे साहेब," कडकराव म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. "पण आता पोटात काहीच ठेवायचं नाही."

मिस्त्रीनं आपला जबाब तिथल्या तिथे मागे घेतला आणि कोर्टानं त्याला कडक समज देऊन सोडलं. विम्याचा दावा मात्र गेला. खोट्याबरोबर खराही गेला. न्यायाधीशांनाही वाईट वाटलं असावं, पण अट ती अट, तिला कोण काय करणार?

बाहेर पायऱ्यांवर मेहुणा तणतणत आला. "काय केलंत हे भाऊजी! गप्प बसायचं होतं. सगळं बाईंवर ढकललं असतं. म्हणालो असतो, त्यांनीच शिकवलं म्हणून!"

कडकरावांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कॉलरींइतका ताठ झाला. "पुन्हा असा शब्द काढलास तर माझ्या घराची पायरी चढायची नाही."

मग ते बायकोकडे वळले. तिच्याकडे बघवेना. "नळाचं तुला सांगायचं राहिलं," ते पुटपुटले. "मला धीरच झाला नाही."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही पाण्यात कपडे गोळा करत होतात ना, तेव्हा तो नळ मीच जाऊन बंद केला. तुम्हाला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगाल, म्हणून गप्प बसले. पण त्या मशीनवर गप्प बसायला नको होतं. तिथे माझं चुकलं."

कडकराव तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत, पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. ती शेजारी बसून राहिली. वकीलबाई जवळून जाताना थांबल्या, पिशवीतून एक संत्रं काढलं आणि दोघांच्या मध्ये ठेवून पुढे गेल्या.

लॉन्ड्रीची जागा आता दुसऱ्याकडे आहे. कडकराव घरातल्या पुढच्या खोलीत टेबल टाकून इस्त्री करतात. गिऱ्हाईक थोडं आहे, पण टिकून आहे. एखादा ओळखीचा विमा मागायला निघाला आणि "आहे त्यापेक्षा थोडं वाढवून सांगू का?" असं हळूच विचारू लागला, की कडकराव हातातली इस्त्री बाजूला उभी करून ठेवतात आणि त्याला समोर बसवून ही सगळी हकिकत सांगतात. मेहुण्याचा भाग आला की आवाज थोडा खाली घेतात, कारण तो बहुधा आतल्या खोलीत जेवत असतो.

मंडळी, आपण सगळे कधी ना कधी वकिलाच्या दारात जाणार आहोत. आपल्यासारख्या साध्या माणसाला मन मोकळं करता यावं, घाबरून त्यानं खरं दडवू नये, म्हणून कायद्यानं वकिलाच्या तोंडाला कुलूप लावलेलं आहे. ही फार मोठी सोय आहे. पण त्या कुलपाआड बसून दुसऱ्याला फसवायचं ठरवलंत, तर त्याच क्षणी ते गळून पडतं. वकिलानं मदत केली काय किंवा नाही केली काय, त्यानं फरक पडत नाही. म्हणून जे घडून गेलंय ते, कितीही लाजिरवाणं असलं तरी, वकिलाकडे निर्धास्तपणे घेऊन जा. आणि जे खोटं अजून घडायचं आहे, ते घरातून निघण्याआधीच मनातून काढून टाका!